मुंबईसमोरच्या समुद्रतळाचा इतिहास

१८७८ सालीं मुंबई बंदरांत प्रिन्सेस डॉक या गोदीचें खोदकाम चाललें असतां चिखलाखालीं एक अरण्य सांपडलें. तीनशेंहून अधिक झाडें तेथें पुरलेलीं होतीं. त्यांतील पुष्कळशीं खैराचीं होतीं. कित्येक तर जेथें वाढलीं तेथेंच, मुळें जमिनींत रोवून, उभींच्या उभीं राहिलीं होतीं. ज्या जमिनींत हीं मुळें रुजलीं होतीं ती ओहोटीच्या पाण्याच्याहि पातळीखालीं होती. खैर हें कोरड्या जमिनीवरचें झाड आहे. खाऱ्या पाण्यांत तें वाढत नाहीं. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, येथें समुद्र वर चढला, कीं जमीन खालीं गेली?

हा प्रश्न मुंबईपुरता नवा असला तरी शास्त्राला जुना होता. इटलींत नेपल्सजवळ पोत्सुओली या गांवीं रोमन काळच्या एका बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्या मध्यभागाला समुद्रांतील शिंपल्यांनीं भोंकें पाडलेलीं आहेत. म्हणजे हे खांब एकदां समुद्रांत बुडाले आणि पुन्हां वर आले; आणि इतकें होऊनहि ते कोसळले नाहींत. चार्ल्स लायेल या स्कॉटिश भूस्तरशास्त्रज्ञानें १८३० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीं याच खांबांचें चित्र छापलें. जमीन स्थिर व समुद्र चंचल, ही सामान्य माणसाची समजूत. परंतु जमीनहि खालींवर होते आणि तीहि हलक्या पावलानें, हें त्याला त्या चित्रानें दाखवावयाचें होतें.

गोदींतील अरण्याची गोष्ट मात्र काल-परवांची म्हटली पाहिजे. गेल्या सुमारें वीस हजार वर्षांत पृथ्वीवरील हिमाचे प्रचंड थर वितळून सर्व समुद्रांचें पाणी चारशें फुटांच्या आसपास वर चढलें. किनाऱ्यावरील कित्येक जंगलें त्यांत बुडालीं. मुंबईच्या खैरांच्या बाबतींत त्यांत स्थानिक जमिनीच्या हालचालीचाहि भाग असेल. पण याच किनाऱ्यापासून शंभर मैल पश्चिमेस जमिनीचें जें खचणें झालें आहे त्याच्यापुढें हें अरण्य म्हणजे वहीच्या शेवटच्या पानावरची शेवटची ओळ होय. ती वही सहा कोटींहून अधिक वर्षांची आहे.

मुंबईहून पश्चिमेकडे गलबत हांकारलें तर शंभर मैल गेल्यावरहि पाण्याची खोली अवघी अडीचशें फूट भरते. राजाबाई टॉवर तेथें नेऊन उभा केला तर त्याचा माथा पाण्याबाहेर राहील. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर इतका रुंद व उथळ समुद्रतळ दुसरीकडे नाहीं. या उथळ पाण्याखालीं मात्र चुनखडीचे, चिखलाच्या दगडाचे व वाळूच्या दगडाचे थर एकावर एक रचलेले आहेत. कांहीं ठिकाणीं त्यांची जाडी मैल-सव्वामैल आहे, तर सुरतेसमोरच्या खोलगट भागांत ती तीन मैलांच्या घरांत जाते. त्यांच्याखालीं बहुतेक ठिकाणीं सह्याद्रीचाच काळा पाषाण लागतो.

यांत नवल कोणतें, असें कोणी विचारील. समुद्रांत गाळ सांचावयाचाच. नवल हें कीं, हे थर जवळजवळ सर्वच्या सर्व उथळ पाण्यांत तयार झाले आहेत. आज मैलभर खोल गाडलेल्या चुनखडींत नाण्याच्या आकाराच्या सूक्ष्म व लहान जीवांचीं कवचें सांपडतात. हे जीव सूर्यप्रकाश पोंचेल इतक्याच खोल पाण्यांत वाढतात. सर्वांत खालच्या थरांत तर दलदलींतील वनस्पतींचा कोळसा आहे. मैलभर खोल पाण्यांत कोळसा होत नाहीं कीं हे जीव वाढत नाहींत. तेव्हां आरंभीं येथें खोल डोह होता व तो गाळानें भरून आला, ही सरळ वाटणारी कल्पना टिकत नाहीं. तळ खचत गेला आणि खचेल तितका गाळ वर येऊन पडत गेला. दोहोंची चाल इतकी सारखी कीं पाणी कधीं फारसें खोल झालें नाहीं. एखाद्या रांजणाचा तळ खालीं खालीं सरकावा आणि वरून धान्य ओतीत रहावें, म्हणजे धान्य कांठाशींच दिसत राहतें, तसा हा प्रकार आहे.

असलेंच कोडें अमेरिकेंत जेम्स हॉल याला पडलें होतें. अपलाचियन पर्वतांत त्याला चाळीस हजार फूट जाडीचे थर आढळले आणि त्यांत उथळ पाण्याच्या खुणा होत्या. १८५९ सालीं त्यानें असा निष्कर्ष मांडला कीं, गाळाच्याच वजनानें तळ खचतो. हें उत्तर अर्धें बरोबर होतें. त्याचें बरोबर असलेलें अर्धें कां बरोबर, हें समजण्यासाठीं मात्र हिंदुस्थानांतच यावें लागतें.

कर्नल एव्हरेस्टच्या देखरेखीखालीं या देशाची त्रिकोणमितीनें मोजणी झाली, तेव्हां माळव्यांतील सिरोंजजवळचें कल्याणपूर व त्याच्या उत्तरेस पावणेचारशें मैलांवरचें कलियाना या दोन स्थानांमधील अंतर दोन रीतींनीं काढण्यांत आलें. एक रीत जमिनीवरच्या मापनाची, दुसरी ताऱ्यांच्या वेधाची. दोहोंत पांच विकलांहून थोडा अधिक फरक पडला. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट हे गणितज्ञ होते. हिमालयाचें प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतें व त्यामुळें वेध चुकतो, असें त्यांचें म्हणणें. परंतु त्यांनीं हिशेब केला तेव्हां फरक पंधरा विकलांहून अधिक यावयास पाहिजे होता! हिमालय दिसतो तितक्या वजनाचा नाहीं कीं काय? १८५५ सालीं राजज्योतिषी एअरी यानें याचा उलगडा केला. पृथ्वीचें वरचें कवच खालच्या जड द्रव्यावर तरंगतें. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकीं जो पाण्यावर अधिक उंच दिसतो तो पाण्याखालींहि अधिक खोल असतो. तसें पर्वताखालीं हलक्या खडकाचें मूळ खोलवर गेलेलें असतें. हिमालयाच्या ओढीचा मोठा भाग या हलक्या मुळानें फेडून टाकला होता. मोजणींतील पांच विकलांची चूक हुडकतांना भूकवचाचा तराजू हातीं लागला, ही गोष्ट शाळेंतील पुस्तकांत जितकी यावयास हवी तितकी येत नाहीं.

हा तराजू समुद्रतळाला लावून पहावा. खालच्या जड द्रव्याची घनता पाण्याच्या सव्वातीन पटींहून थोडी अधिक, गाळाच्या खडकाची सरासरी सव्वादोन पटींच्या आसपास. समजा, कांहीं कारणानें तळ हजार फूट खचला आणि त्यांत समुद्राचें पाणी भरलें. आतां त्यांत गाळ पडूं लागला. गाळ पाण्याहून जड. त्याच्या भारानें तळ आणखी दबतो. तेथें पुन्हां गाळ मावतो. असें होतां होतां तो हजार फुटांचा खड्डा पूर्ण भरेपर्यंत सुमारें सव्वादोन हजार फूट गाळ त्यांत बसतो. म्हणजे हॉल म्हणाला तें खरें. वजनानें तळ खचतो. पण निव्वळ वजनानें नव्हे. पहिला हजार फुटांचा खड्डा गाळानें पाडलेला नसतो. तो पाडणारें कारण वेगळें असलें पाहिजे, आणि भूस्तरशास्त्रज्ञांस हवा असतो तो या कारणाचाच इतिहास.

तो काढण्याची युक्ति १९७० नंतरच्या दशकांत पक्की झाली. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर वॉट्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती वापरून दाखविली. विहिरींतून मिळालेल्या थरांची जाडी व वय घ्यावयाचें आणि कागदावर एकेक थर वरून उचलीत जावयाचा. थर उचलला कीं त्याचा भार कमी होतो आणि तळ वर येतो. किती वर येतो तें एअरीच्या तराजूनें काढावयाचें. शिवाय खालचे थर दाबले गेलेले असतात. नवी गादी वापरतां वापरतां दबून निम्मी होते, तसा समुद्रतळाचा ओला चिखल वरच्या भारानें पाणी सोडून पातळ होतो. तेव्हां वरचा थर काढतांना खालच्याची मूळ जाडी त्याला परत द्यावी लागते. त्या त्या काळीं पाणी किती खोल होतें हें जीवांच्या अवशेषांवरून अजमावयाचें, आणि जगांतील समुद्राची पातळी तेव्हां कोठें होती याचीहि वजाबाकी करावयाची. काम किचकट, आणि शेवटच्या दोन आंकड्यांत चुकीला जागा पुष्कळ. पण शेवटीं हातीं एक वक्ररेषा येते. गाळाचें वजन नसतें तर तळ कोणत्या काळीं किती खचला असता, हें ती दाखविते.

अशा कित्येक समुद्रतळांच्या वक्ररेषांत एक साम्य आढळलें. आरंभीं खचणें झपाट्याचें, पुढें मंद, मग अधिकच मंद. तापलेला तवा चुलीवरून उतरल्यावर जसा निवतो तशी ही चाल आहे. आणि केंब्रिजच्या डॅन मॅकेन्झी यानें १९७८ सालीं जें स्पष्टीकरण दिलें त्यांत निवणें हेंच मुख्य आहे. खंड फाटूं लागलें कीं त्याचें कवच ताणलें जाऊन पातळ होतें. पातळ कवच तराजूच्या नियमानें खालीं बसतें. हें पहिलें खचणें. त्याच वेळीं खालचें तप्त द्रव्य वर आलेलें असतें. पुढें तें निवत जातें. निवलें म्हणजे आकसतें, जड होतें, आणि तळ आणखी खचतो. या दुसऱ्या खचण्यापैकीं निम्में सुमारें साडेचार कोटी वर्षांत उरकतें, उरलेलें त्यानंतर रेंगाळत चालतें.

आतां मुंबईसमोरच्या तळाकडे वळलें पाहिजे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे पूर लोटले. महाबळेश्वरचे कडे, वेरूळचीं लेणीं कोरलेला खडक आणि किल्ल्यांच्या कातळभिंती या सर्व त्याच लाव्ह्याच्या. त्या वेळीं आज जेथें अरबी समुद्र आहे तेथें मुंबईच्या पश्चिमेस जमीन होती. वरळीच्या टेकडीखालच्या थरांत लहान बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यानें त्यांचें वर्णन केलें. बेडूक खाऱ्या पाण्यांतले नव्हेत. लाव्ह्याच्या दोन पुरांच्या मधल्या उसंतींत तेथें गोड्या पाण्याचीं तळीं होतीं. मग ती पश्चिमेकडची जमीन गेली कोठें? तिचा एक तुकडा सेशेल्स बेटांच्या रूपानें मुंबईपासून दोन हजार मैलांवर, हिंदी महासागराच्या मध्यावर आहे. महासागरांतील बेटें बहुधा ज्वालामुखीचीं किंवा प्रवाळांचीं असतात. सेशेल्सचीं मुख्य बेटें मात्र फार पुरातन ग्रॅनाइटचीं आहेत, खंडाच्या फुटलेल्या कपारीसारखीं. दख्खनचा लाव्हा वाहून गेल्यावर थोड्याच काळांत, म्हणजे वीस-तीस लाख वर्षांच्या आंत-बाहेर, हा तुकडा हिंदुस्थानपासून सुटला आणि मधल्या भेगेंतून नवा सागरतळ उत्पन्न होऊं लागला. त्या फाटाफुटीची एक खूण पनवेलच्या आसपास दिसते. घाटावर आडवे पसरलेले लाव्ह्याचे थर तेथें पश्चिमेकडे कलूं लागतात, जणूं गालिच्याची कड कोणीं खालीं ओढली आहे.

ही कड समुद्रांत कशी खचत गेली तें थरांच्या नांवांवरून वाचतां येतें. भूस्तरशास्त्रज्ञांनीं त्यांना किनाऱ्यावरील गांवांचीं नांवें दिलीं आहेत: देवगड, बेलापूर, पनवेल, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रें, माहीम, चिंचणी. ज्या चिखलाला चिंचणीचें नांव आहे तो चिंचणीच्या रहिवाशांनीं कधीं पाहिला नाहीं, ही त्यांतली गंमत. सर्वांत जुन्या थरांपैकीं एकाला पन्ना म्हणतात. पहिल्या जलद खचण्याच्या काळांत तळ एकसारखा बसला नाहीं. तुकड्यातुकड्यांनीं, कोठें पायरीसारखा तर कोठें खंदकासारखा खालीं गेला. खंदकांत दलदली, खाजणें व उथळ खाड्या पसरल्या. वनस्पतींचे अवशेष व काळा चिखल तेथें पन्नाच्या थरांत गाडला गेला. मग समुद्र जमिनीवर चढला. नद्यांचा गाळ त्या काळीं समुद्रांत दूरवर पोंचत नव्हता. स्वच्छ उबदार पाण्यांत नाण्यांच्या आकाराचे जीव अमाप वाढले आणि त्यांच्या कवचांची चुनखडी झाली. वसईच्या नांवाचा थर तो हाच. त्या युगांतील अशी चुनखडी सुरत-भडोच भागांत जमिनीवरहि पहावयास मिळते.

सर्वच तुकडे मात्र खचले नव्हते. आज ज्याला मुंबई हाय म्हणतात तो उंचवटा त्यांपैकींच एक. काळा पाषाण व त्याहूनहि जुना ग्रॅनाइटसारखा खडक यांचा हा तुकडा शेजारचे तुकडे बुडत असतां बराच काळ बेटासारखा उघडा राहिला. त्याच्या पूर्वेची कड प्रस्तरभंगानें तुटलेली आहे. त्या कडेपलीकडे तळ खोल जातो. पन्नाचे थर त्याच्या माथ्यावर जवळजवळ नाहींतच. हा मागासलेपणा पुढें फार महत्त्वाचा ठरला. दोन कोटी वर्षांच्या सुमारास तोहि अखेर पाण्याखालीं गेला आणि त्याच्या माथ्यावर चुनखडी सांचली. मधूनमधून समुद्र ओसरे, पावसाचें गोडें पाणी त्या चुनखडींत झिरपे आणि तिला छिद्रें पाडी. त्यानंतर काळ पालटला. नद्यांनीं गाळ आणावयास सुरुवात केली. पाणी गढूळ झालें, चुनखडी करणारे जीव मागें हटले आणि चिंचणीच्या चिखलाची जाड गोधडी सर्वांवर पसरली.

या ठिकाणीं निवत्या तव्याची उपमा अपुरी पडते, हें सांगितलें पाहिजे. ती खरी असती तर इतक्या काळानंतर खचणें अगदीं संथ व्हावयास हवें होतें. पण गाळाच्या या उशिरां आलेल्या लोंढ्यानें तळाला नवा भार दिला. सिंधु नदीनें अरबी समुद्राच्या खोल तळावर जो अफाट गाळ ओतला त्याच्या वजनानेंहि किनाऱ्याचें कवच वांकलें असावें, असा एक पक्ष आहे. तराजूचें दुसरें पारडें जमिनीवर आहे. पाऊस कोंकण व घाट झिजवितो. झिजलेल्या जमिनीचा भार कमी होतो व ती वर उचलली जाते. तोच भार समुद्रांत पडून तिकडचा तळ दबतो. सह्याद्री आजहि उंच उभा आहे याचें एक कारण त्याच्या स्वतःच्या झिजेंत आहे, हें ऐकावयास चमत्कारिक वाटलें तरी हिशेबांत बसतें.

हा सर्व हिशेब केवळ विद्वानांच्या करमणुकीचा नाहीं. पन्नाच्या काळ्या चिखलांत वनस्पतींचा व सूक्ष्म जीवांचा जो अंश गाडला गेला तो खोल जाऊन साधारण साठ ते एकशेंवीस अंश सेंटिग्रेड उष्णतेंत लक्षावधि वर्षें राहिला तरच त्याचें खनिज तेल होतें. तळ कमी खचला असता तर हा माल कच्चाच राहिला असता. फार खचला असता तर तेल जळून केवळ वायु उरला असता. सुरतेसमोरच्या खंदकांत शिजलेलें तेल हळूहळू वर चढत चढत जवळच्या उंचवट्याकडे गेलें. तेथें मागासलेल्या मुंबई हायच्या माथ्यावर सच्छिद्र चुनखडी त्याच्यासाठीं तयार होती आणि वर चिखलाचें झांकण बसलेलें होतें. हा तुकडा शेजाऱ्यांबरोबरच खचला असता तर तेलाला थांबावयास जागाच मिळाली नसती.

१९६० नंतरच्या दशकांत सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्यानें या समुद्राची कंपलहरींनीं पाहणी झाली आणि तळाखालचा हा उंचवटा प्रथम कागदावर दिसला. उंचवटा दिसणें निराळें आणि त्यांत तेल असणें निराळें. समुद्रांत विहीर खणणें त्या काळीं या देशाला परवडणारें नव्हतें आणि सरावाचेंहि नव्हतें. खंबायतच्या आखातांत आलियाबेट येथें १९७० सालीं पहिला प्रयत्न झाला. नंतर जपानमध्यें बांधलेली सागर सम्राट ही वेधनौका आली. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनीं तेलाची कोंडी केली आणि थोड्याच महिन्यांत जगांत तेलाचा भाव चौपट झाला. आपल्या गरजेचें बहुतेक तेल बाहेरून आणणाऱ्या हिंदुस्थानच्या तिजोरीला तो मोठाच धक्का होता. त्याच हिंवाळ्यांत सागर सम्राटनें मुंबई हायवर आपले पाय रोवले आणि १९७४ च्या फेब्रुवारींत तेथें तेल लागलें. मुख्य सांठा समुद्रतळाखालीं सुमारें साडेचार हजार फुटांवर, दोन कोटी वर्षांपूर्वींच्या त्याच चुनखडींत होता. तेलखात्याच्या भाषेंत तिला एल-तीन म्हणतात. २१ मे १९७६ रोजीं उत्पादन सुरू झालें. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास देशांत निघणाऱ्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक या एका क्षेत्रांतून येत होतें. वसईच्या नांवाच्या चुनखडींतहि १९७६ सालीं मोठा वायुसांठा सांपडला.

साडेचार हजार फूट खालीं गेलेला हा थर दोन कोटी वर्षांपूर्वीं समुद्रसपाटीच्या अगदीं जवळ होता. भागाकार केला तर हजार वर्षांस सुमारें पावणेतीन इंच पडतात. १६७४ सालीं रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला तेव्हांपासून आजपर्यंत तो थर, याच गतीनें धरलें तर, एक इंचहि पुरता खालीं गेलेला नाहीं.